दोन देशांकडून पोहलेले गृहस्थ

आमचे घरमालक दोन देशांकडून पोहले होते, ही माहिती मला खोलीचं भाडं कळण्याआधी मिळाली.

मी सोलापूरकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून पहिली नेमणूक थळजवळच्या एका गावात झाली, तोवर समुद्र मी फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिला होता. अमुक वाडीत मागची खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून गेले. अंगणात एक बाई सुपाऱ्या वाळत घालत होत्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "ते पोहतायत. बसा. दोन देशांकडून पोहलेत, त्यामुळे वेळ लागतो."

मला वाटलं, समुद्रावर गेले असतील. समुद्र तिथून चालत दहा मिनिटांवर. पण पाण्याचा आवाज घरामागून येत होता. वळसा घालून गेले तर नारळ-सुपारीच्या झाडांत वाडीला पाणी सोडायची सिमेंटची टाकी होती, साधारण एका खोलीएवढी. तिच्यात साठी उलटलेला एक माणूस पालथा पडून जिवाच्या आकांताने हात मारत होता. कमरेला सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा, पट्ट्याला मासेमारीची निळी दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक नारळाच्या बुंध्याला. म्हणजे हात चालले होते, पाय चालले होते, पाणी टाकीबाहेर उडत होतं आणि माणूस जागच्या जागी. आमच्याकडे खुंट्याला बांधलेलं रेडकू असं करतं. बऱ्याच वेळाने ते थांबले, पोहण्याचा चष्मा कपाळावर सरकवला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मला उद्देशून पहिलं वाक्य बोलले.

"दीड किलोमीटर."

मी खोली घेतली. तीन वर्षं राहिले. त्यांना मी काका म्हणू लागले आणि सुपाऱ्यावाल्या बाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, काकू.

टाकी लहान असल्यामुळे चार हात मारले की भिंत लागायची, म्हणून ही दोरी. समुद्रात का पोहत नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. गावात नवीन आलेला प्रत्येक माणूस हे विचारायचा, त्यामुळे उत्तर तयार होतं. "समुद्राला भिंत नसते, मॅडम. भिंत नाही तिथे पोहून पोहोचायचं कुठे?" समुद्राबद्दल त्यांना एकूणच आदर नव्हता. त्यात पट्टे आखलेले नाहीत, पाण्याचं तापमान कुणी लिहून ठेवत नाही, आणि खार चाटायला आपण काय गुरं आहोत, असं ते म्हणत. किनाऱ्यावर मात्र रोज संध्याकाळी जायचे. वाळूत उभे राहून, होडीपर्यंत पोहत जाणाऱ्या कोळ्यांचे हात कसे चुकतात ते मोठ्याने सांगायचे. कोपर वर नाही. मान बाहेर. श्वास दोन्हीकडून. एकदा एका म्हाताऱ्या कोळ्याने जाळं बाजूला ठेवून शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमाला पवत कुटं जायाचा हाय? होरी हाय ना."

काका घरी येऊन दोन दिवस त्या माणसाच्या कोपराविषयी बोलत होते.

आता ते दोन देश. पहिला आपला. दुसरं एक बेट, हिंदी महासागरातलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण झाल्या प्रकारात त्या बेटाचा काही दोष नव्हता. काका तरुणपणी भारताच्या संघातून परदेशातल्या एका स्पर्धेला गेले. मग त्या बेटावरच्या हॉटेलात पोहणं शिकवायची नोकरी लागली, लग्न करून काकूंना तिकडे नेलं, काही वर्षांनी तिथलं नागरिकत्व घेतलं आणि त्या बेटाकडून स्पर्धेत उतरले. नोकरीची वर्षं संपल्यावर वडिलांची वाडी सांभाळायला परत आले. एवढीच हकिगत. पण काका ती सांगायचे तेव्हा असं वाटायचं की दोन राष्ट्रांचे प्रमुख टेबलाच्या दोन बाजूंना बसलेत आणि मधे काकांचा एकेक हात धरून ओढताहेत. "भारताने मला सोडलं नाही, मीच भारताला सोडलं," असं ते म्हणत, आणि क्षणभर थांबून, "मैत्रीपूर्ण रीतीने" हे जोडत.

दोन देशांच्या संघांचे दोन कोट होते. भारताचा निळा, बेटाचा हिरवा. पंधरा ऑगस्टला मी त्यांना शाळेत झेंडावंदनाला बोलावलं. आमच्या मुख्याध्यापकांना कुणीही पाहुणा चालायचा, फक्त भाषण आटोपशीर हवं. ऑगस्टमधली कोकणातली हवा, सदरा अंगाला चिकटतोय, आणि काका दोन्ही कोट एकावर एक घालून आले. निळा वर, हिरवा आत, पण बटणं उघडी, म्हणजे हिरवा दिसेल. घामाने माणूस निथळत होता. काकूंना मी हळूच विचारलं की दोन कशाला. त्या म्हणाल्या, "कुणी तरी विचारावं म्हणून." कुणी विचारलं नाही. मुलांना खाऊची घाई होती. भाषणात त्यांनी मुलांना दोन देशांचं प्रतिनिधित्व कसं करावं हे सांगितलं. पहिली ते चौथीची मुलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीच त्यांची ओळख करून दिली होती, आणि 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द तीनदा वापरला होता. पुढे काय कळणार आहे हे माहीत असतं तर एकदाच वापरला असता.

नागरिकत्वाची गंमत निवडणुकीत कळली. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला शिकवण्याखेरीज सगळी कामं असतात, त्यातलं एक मतदारयादीचं. मी याद्या घेऊन घरोघर फिरत होते. काकूंचं नाव यादीत होतं, कारण काकूंनी बेटाचे कागद कधी घेतलेच नव्हते. काकांचं नव्हतं, आणि असणार नव्हतं. त्यांच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी माणसाला मिळतं ते कार्ड होतं. त्यावर इथे जन्मभर राहता येतं, मत देता येत नाही.

"मग मी कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कागदावर परदेशी.

"मग परदेशींच्या यादीत बघा."

तशी यादी नसते, हे पटवायला मला अर्धा तास लागला. त्यांना मत देण्याची तळमळ होती असं नाही. ग्रामपंचायतीतल्या दोन्ही गटांना ते मूर्ख समजत. पण उमेदवार हात जोडत गल्लीतून यायचे, शेजारच्या घरी थांबायचे, काकूंना नमस्कार करायचे आणि काकांच्या समोरून तसेच पुढे जायचे, ते त्यांना झोंबायचं. मतदानाच्या दिवशी मी केंद्रावर होते. अकराच्या सुमारास रांगेत निळा कोट दिसला. पाऊण तास ते उन्हात उभे राहिले. पाळी आल्यावर टेबलापाशी आले, बोटांना शाई लावणाऱ्या शिपायाकडे पाहून मान हलवली आणि दुसऱ्या दाराने निघून गेले. घरी मी विचारलं, तर म्हणाले, "रांगेत उभं राहायला नागरिकत्व लागत नाही."

हे वाक्य मला आवडलं होतं, हे कबूल करते. पण त्यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर वर्षभर ऐकावं लागलं असतं.

त्यांचा खरा उद्योग मात्र निराळा होता. मांडव्यापासून थळपर्यंत मुंबईकरांचे बंगले झालेत, आणि प्रत्येक बंगल्यात पोहण्याचा तलाव आहे. मालक शनिवार-रविवारी बोटीने येतात, बाकी पाच दिवस तलावात आंब्याची पानं पोहतात. काकांनी मोजपट्टी घेऊन हे सगळे तलाव पाहिले होते. राखणदार ओळखीचे, फाटक उघडायचे. काका कडेकडेने वाकून माप घ्यायचे, वहीत लिहायचे आणि नापास करून परत यायचे. कुठला गोल, कुठला पायऱ्यापायऱ्यांचा. बहुतेक मधे वाकलेले. "काजू," ते तिरस्काराने म्हणत. "सगळ्या किनाऱ्यावर काजू खणून ठेवलेत. काजूत माणसाने पोहायचं कसं?" सरळ पंचवीस मीटरचा एकही नव्हता. इतकं पाणी आणि एक सरळ रेघ नाही, याचं त्यांना मनापासून दुःख होतं. माझ्या तिसऱ्या वर्षी आमच्या वाडीच्या मागच्या बाजूला एका शेठचा बंगला उभा राहिला आणि त्यात सरळ तलाव निघाला. काका माप घेऊन आले ते वही मिटेनात. चोवीस मीटर आणि पाऊण. संध्याकाळी त्यांनी पाव मीटर उदार मनाने माफ केला.

शेठ मोठा हौशी माणूस. वाढदिवसाला मुंबईहून चाळीस माणसं येणार होती आणि त्यांचं काय करायचं हा त्याला प्रश्न होता. राखणदाराकडून त्याला कळलं की भिंतीपलीकडे दोन देशांचा पोहणारा राहतो. तो स्वतः आला, काकांच्या पाया पडला आणि म्हणाला की माझा भाचा पोहतो, धावतो, सायकल चालवतो, सगळं एका दमात करतो, त्याच्याबरोबर तुमची एक शर्यत लावू. जाऊन-येऊन पन्नास मीटर. पाहुण्यांना मजा येईल. मजा हा शब्द मी ऐकला, काकूंनी ऐकला. काकांनी ऐकला नाही. त्यांनी विचारलं की पंच कोण, आणि पट्टे आखणार का.

दीड महिना टाकीतलं पाणी सुपारीला कमी आणि अंगणात जास्त गेलं. सकाळ-संध्याकाळ दोरी. जेवणात भात बंद. गावात ज्याला त्याला सांगून झालं. वाण्याच्या दुकानात लोक विचारू लागले की कुठल्या देशाकडून उतरणार, आणि काका गंभीरपणे सांगायचे की विचार चालू आहे. मागे वळल्यावर लोक हसायचे. मीही हसले आहे.

शर्यतीच्या आठवड्यात एका दुपारी मी शाळेतून आले तर काकू विळीवर बांगडे साफ करत बसल्या होत्या. त्यांनी मला समोर बसवलं. "बाय, तू सांग त्यांना. तुझं ऐकतील. शिकलेली आहेस. नको म्हणावं जायला."

मी म्हटलं, हरले तर हरले. भाचा तिशीतला आहे, हे त्रेसष्टचे. दोन देशांकडून पोहलेल्या माणसाला हरण्याचं काय.

काकूंनी एका बांगड्याचं डोकं वेगळं केलं आणि म्हणाल्या, "ते एकाही देशाकडून पोहलेले नाहीत."

मग त्यांनी सगळं सांगितलं, काम न थांबवता. भारताच्या संघातून गेले ते राखीव म्हणून. चौघांची शर्यत, हे पाचवे. चौघांपैकी कुणी आजारी पडलं तर उतरायचं. चौघेही ठणठणीत होते. हे निळा कोट घालून कडेला उभे राहिले आणि परत आले. बेटाकडून उतरले तेव्हा काकू स्वतः पाहायला गेल्या होत्या. आठ जण ओळीने उभे. शेजारच्या पट्ट्यात भारताचा पोहणारा. पहिल्यांदा कुणीतरी शिट्टीआधी उडी मारली, म्हणून सगळ्यांना परत बोलावलं. आता जो चुकेल तो बाद, असं बजावलं. आणि दुसऱ्यांदा यांनी मारली. परतीची शिट्टी यांना ऐकू गेली नाही. एकटेच पोहत निघाले. अशा वेळी मधे पाण्यावर दोरी टाकतात, तिच्यात अडकले तेव्हा कळलं. बाहेर आले, टॉवेल घेतला. झालं. त्यानंतर बेटाला दुसरा पोहणारा मिळाला.

"मी वर बसले होते," काकू म्हणाल्या. "माझ्या बाजूची बाई हसली. तिला माहीत नव्हतं की मी कोण. मी पण थोडी हसले, तिला कळू नये म्हणून."

मला तीन वर्षांचा राग आला होता. त्या माणसाची ओळख मी मुलांपुढे तीनदा आंतरराष्ट्रीय म्हणून करून दिली होती, आणि त्याने कुठल्याच देशाकडून एकही शर्यत पूर्ण केलेली नव्हती. काकूंना मी म्हटलं, बघते, सांगते. सांगितलं नाही. खरं कारण असं की मला ते पाहायचं होतं. वाण्याच्या दुकानातल्या लोकांपेक्षा मी काही वेगळी नव्हते, फक्त मला आतली बातमी होती.

रविवारी सकाळी आम्ही तिघं फाटकातून गेलो. काकांच्या अंगावर एकही कोट नव्हता. पंचा खांद्यावर, हातात चष्मा. पाहुणे तलावाभोवती खुर्च्यांवर नाश्ता करत होते. गाणी लावली होती. पट्टे आखायचे म्हणून कुणीतरी तलावात रंगीत फुग्यांची माळ सोडली होती. शेठने माईकवरून सांगितलं की हे आमचे शेजारी, दोन देशांचे चँपियन. काका म्हणाले, "चँपियन नाही." माईक तोवर पुढे गेला होता. भाचा उंच, अंगावर चरबी नाही, वागायला नम्र. त्याने काकांना विचारलं की काका, तुम्हाला थोडं पुढून सुरू करू देऊ का. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं सरकला.

दोघे कडेला उभे राहिले, वाकले. शेठच्या हातात शिट्टी. माझ्या बाजूला काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

शिट्टी वाजली. भाचा पाण्यात गेला.

काका हलले नाहीत. वाकलेले तसेच राहिले. लोकांना वाटलं, ऐकू आलं नाही. कुणीतरी हसलं, कुणीतरी "काका, जा जा" म्हणालं. काकांनी मान वर करून शेठकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "झाली ना सुरू? नक्की?"

शेठ म्हणाला, हो, हो, कधीच.

तेव्हा त्यांनी उडी मारली.

भाचा तोवर अर्ध्या तलावात होता. पुढची हकिगत शर्यत म्हणून सांगण्यासारखी नाही. पण मी त्या माणसाला तीन वर्षं जागच्या जागी हात मारताना पाहिलं होतं, आणि आता तो पुढे जात होता. एवढ्या साध्या गोष्टीचं मला नवल वाटलं. कोपर वर, मान पाण्यात, श्वास एकाच बाजूने. सगळं त्यांनी कोळ्यांना सांगितलेलं. देखणं पोहत होते, हे मला आवडो न आवडो. भाचा येऊन भिंतीला लागला, टाळ्या झाल्या, शेठने त्याला पाण्यातून ओढून मिठी मारली. ज्याच्या मोबाइलवर वेळ लावली होती तो भाच्याचं चित्रण करायला धावला. गाणी पुन्हा मोठी झाली. केक आला आणि सगळ्या खुर्च्या तिकडे वळल्या. काका तेव्हा पलीकडच्या भिंतीवरून नुकते वळले होते. परतीचं सगळं अंतर ते केकच्या पाठीमागे पोहले. पाहायला काकू आणि मी. भिंतीला हात लावून ते थांबले, चष्मा वर केला आणि वेळ लावणाऱ्याच्या शोधात इकडेतिकडे पाहिलं. काकू काठावर गुडघे टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "झाली. चला घरी."

आम्ही घरी आलो. मी माझ्या खोलीत गेले. तासाभराने दार वाजलं. काका कोरडे होऊन, भांग पाडून आले होते.

"मॅडम, तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं."

"पूर्ण केली."

"केली."

"मग लिहून द्या."

मी म्हटलं, असं काही लिहून देण्याचा मला अधिकार नाही. ते म्हणाले, तुम्ही सरकारी आहात, मतदाराचं लिहून देता, पोषण आहाराचं लिहून देता, हे तर डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यांना शाळेचा गोल शिक्काही हवा होता. तो मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि रविवार, म्हणून शिक्क्याशिवाय ठरलं. मी कागद घेऊन त्यांच्या ओटीवर जाऊन बसले. दाखला कसा सुरू करतात ते हाताला पाठ होतं. दाखला देण्यात येतो की. मग थांबले आणि विचारलं, देश कोणता लिहू. खरं सांगायचं तर थोडं खोचकपणेच विचारलं. त्यांची फजिती पाहायची माझी हौस अजून फिटली नव्हती.

काका विचारात पडले. उत्तर आतून, स्वयंपाकघरातून आलं.

"देशाचं राहू दे गो," काकू म्हणाल्या. "नाव नीट लिही. दोन्ही देशांनी स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर नाव चुकीचं छापलंय. एकाने आडनाव, एकाने सगळंच."

मी काकांकडे पाहिलं. ते अंगणात वाळणाऱ्या सुपाऱ्यांकडे पाहत होते. मग त्यांनी नाव सांगितलं. त्यांचं, वडिलांचं, आडनाव. सावकाश, एकेक अक्षर, ऱ्हस्व की दीर्घ तेसुद्धा. पहिलीच्या मुलांना मी सांगते तसं. मी लिहिलं. अमुक यांनी माझ्या समक्ष चोवीस मीटर आणि पाऊण, जाऊन-येऊन, पोहून पूर्ण केले. खाली सही, हुद्दा, तारीख.

त्यांनी कागद हातात घेतला, वाचायचा चष्मा लावला, आणि नाव तेवढं पुन्हा पुन्हा वाचलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.